शिकारीचं वय कोण ठरवणार?

अमेरिकेत वसंत आला की रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. मोठ्यांसाठी तो उघडायच्या आधी बऱ्याच राज्यांत एक-दोन दिवस फक्त पोरांसाठी राखीव असतात. होय, बरोबर वाचलंत. पोरांसाठी.

हे सांगितलं की आपल्याकडे लोक थेट शाळेतल्या गोळीबारावर येतात. तो प्रश्न मोठाच आहे, पण वेगळा आहे. आधी हे प्रकरण काय ते बघू.

पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण घेतो. माझा एक वर्गमित्र तिथं राहतो आणि त्याच्या आठ वर्षांच्या मुलाला शेजाऱ्यानं शिकारीला बोलावलंय. तिथं २००६ पासून बारा वर्षांखालचं मूलही जाणत्या माणसासोबत शिकार करू शकतं. दोघांत बंदूक एकच. चालताना ती मोठ्याकडेच राहणार. एका जागी बसल्यावर पोराच्या हातात, तेही मोठा माणूस हाताच्या अंतरावर असताना. पक्ष्याच्या मागावर दबकत जायचं नाही. झाडाला पाठ टेकून बसायचं, लाकडी डबीवर झाकण घासून मादीचा आवाज काढायचा आणि नर येईपर्यंत गप्प राहायचं. कपड्यांत लाल, पांढरा, निळा रंग नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. दुसरा शिकारी फसू शकतो. टर्कीची नजर अशी तेज की जरा हललात की पसार. मित्र म्हणाला, "अरे, हा जेवायला दहा मिनिटं एका जागी बसत नाही, तिथं काय बसणार!"

म्हणजे ही बेफिकिरी नाही. नियम आहेत, शिस्त आहे. तरीही मला एक गोष्ट खटकते, आणि ती पैशाची आहे.

१९३७ च्या एका कायद्यानं तिथं शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो. तो पैसा वन्यजीव राखायला राज्यांकडे जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळपास संपलेली रानटर्की पुढं जाळ्यांनी धरून रिकाम्या जंगलांत सोडली गेली. आज ती लाखोंनी आहे. त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. पण शिकारी घटतायत. १९९१ मध्ये सोळा वर्षांवरचे १ कोटी ४१ लाख होते, २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख उरले. मग नवे शिकारी आणायचे कुठून? पोरांतून.

विस्कॉन्सिननं २०१७ मध्ये दहा वर्षांची किमान अटच काढून टाकली. लगेचच्या हरणांच्या हंगामात वर्षाच्या आतल्या बाळांच्या नावावरही परवाने निघाले! दात यायच्या आधी परवाना.

आता आपण हसायच्या आधी जरा थांबूया. दुकानातून कापलेली कोंबडी आणणाऱ्या माझ्यासारख्यानं त्यांना क्रूर म्हणायचं कसं? आणि आपल्याकडं फासेपारध्याचं पोरगं बापाकडून तितराचा आवाज हुबेहूब शिकतं, तेव्हा आपण त्याला काय देतो? १८७१ मध्ये इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो शिक्का समाजाच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. पण त्या विद्येचं पुढं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. मध्य प्रदेशात पन्नाला पारधी तरुण पर्यटकांना जंगल दाखवतात, पक्ष्यांचे आवाज काढून दाखवतात. असं आपल्याकडं किती ठिकाणी होतं?

मित्राला मी एवढंच सांगितलं: पोराला जाऊ दे, पण यंदा बंदुकीविना. पहाटेचा अंधार, थंडी, दुरून येणारा नराचा आवाज, आणि मेलेला पक्षी जवळून बघणं. हे पचलं आणि त्यानं स्वतः पुन्हा मागितलं, तर पुढचं पुढं. पोर तयार आहे की नाही हे पोराकडं बघून ठरावं, सरकारी तिजोरीकडं बघून नाही.

तुमच्या पोराला असं बोलावणं आलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? मोकळेपणानं लिहा. शिव्या नकोत.