एक दिवस आधी

नागपूरहून मुंबई विमानाने दीड तासाची. गोव्याची बोट दुपारी चारची. "मग त्याच दिवशी सकाळी निघू. उगाच लॉजचे भाडे कशाला?" धाकट्या भावाचा हिशोब चोख होता. विमान रखडले तर बोट थांबत नाही. शिवाय तिचे दार सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होते, आणि विमानतळापासून बॅलार्ड पियरपर्यंत मुंबईची गर्दी आहेच, हे मी सांगून पाहिले. मास्तरकीची खोड, दुसरे काय!

आई चकलीचा सोऱ्या पुशीत होती. म्हणाली, "आदल्या दिवशी जाऊ."

१९७२ च्या मे महिन्यात आजोबा अत्यवस्थ असल्याची तार आली, तेव्हा तिची नागपूरची गाडी तीन तास उशिरा पोचली होती. धापा टाकीत ती भाऊच्या धक्क्यावर आली, तो रत्नागिरीची आगबोट नुकतीच सुटलेली. कठड्याशी उभी माणसे ओळखू येतील इतकी जवळ. दुसऱ्या दिवशीच्या बोटीने ती गेली. घरी पोचली तेव्हा सारे आटोपले होते.

धाकटा गप्प झाला. आम्ही आदल्या दिवशीच गेलो. त्याचे ते सकाळचे विमान अगदी वेळेवर उतरले, हे त्याने मला दोनदा ऐकवले. बोट हलली तेव्हा आईने एवढेच विचारले, "भाऊचा धक्का कुठल्या अंगाला रे?"