तासांचं बिल

माझ्या आत्याचा मुलगा, आमचा दादा, चोविसाव्या वर्षी बीएच्या पहिल्या वर्गात जाऊन बसला. ते २०१८ साल. तोवर त्याची नजर पूर्ण गेली होती. लहानपणी संध्याकाळ झाली की त्याला दिसायचं नाही, तेव्हा सगळ्यांनी रातांधळेपणा म्हणून सोडून दिलं. मग बाजूचं दिसेनासं झालं, मग समोरचं. दहावी कशीबशी झाली. बारावीला त्यानं सतरा नंबरचा फॉर्म भरला. आत्या पुस्तक वाचायची, तो ऐकायचा. आत्या स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. इतिहासातल्या सनावळ्या ती किराण्याची यादी वाचावी तशी सलग वाचत सुटायची. तरी दादाला ५८ टक्के पडले.

लोणी म्हटलं की पुण्यातले लोक लोणी काळभोर समजतात आणि नगरकडचे प्रवरेचं लोणी. आमचं तिसरं, आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेचं, धामणीशेजारचं. डिंभ्याचं धरण आमच्याच तालुक्यात आहे, पण त्याच्या पाण्याची आमच्याकडे नुसती चर्चा असते. बाजरी, कांदा आणि उन्हाळ्यात टँकर. अशा गावातून दादा रोज एसटीनं कॉलेजला जायला लागला, शेजारच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून.

मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याच्यासाठी एक जुना लॅपटॉप घेतला आणि त्यात एनव्हीडीए टाकून दिलं. हा स्क्रीन रीडर फुकट आहे. २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याच्यासोबत आला. पडद्यावरचा मजकूर तो बोलून दाखवतो, मराठीसुद्धा. आवाज रोबोटासारखा, पण दादाला आठवड्याभरात सवय झाली. महिन्याभरात त्यानं वेग इतका वाढवला की शेजारी बसून मला एक शब्द कळेना.

गाडी अडली ती नोट्सवर. मराठीच्या मॅडमनी मोठ्या मनानं आपल्या सगळ्या नोट्सच्या फाइली पेनड्राइव्हवर दिल्या. दादानं पहिली फाइल उघडली आणि लॅपटॉप बोलू लागला: डॉलर, कंस, एफ, स्लॅश, पुन्हा डॉलर. दादा म्हणाला, "आरं, ह्यो काय शिव्या देतोय का?"

कारण साधं होतं. मराठी डीटीपीचे जुने फॉन्ट ही एक प्रकारची वेशांतराची युक्ती आहे. कॉम्प्युटरच्या लेखी तिथं इंग्रजी अक्षरंच असतात. फॉन्ट त्यांना मराठी अक्षरांचे मुखवटे चढवतो. डोळ्यांना ‘शिक्षण’ दिसतं, आत मात्र भलतंच काही असतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तिथं ‘श’ म्हणजे खरोखर ‘श’. पण पुस्तकं, प्रश्नसंच, नोट्स वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्येच टाइप होत राहिल्या, कारण डोळसांना काही फरकच पडत नव्हता. छापून आलं की झालं.

मी एक कन्व्हर्टर लिहायला घेतला. नुसती अक्षराला अक्षर अशी तक्त्यातली अदलाबदल पुरत नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. म्हणजे ‘स्थिती’मधली वेलांटी उचलून आख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवायची. रफार उलट्या दिशेनं: जुन्या फॉन्टात ती नंतर घातलेली टोपी, युनिकोडमध्ये आधी येणारा ‘र्’. आणि मराठीचा खास खोडा म्हणजे ‘ऱ्या’. आचाऱ्यांना आणि आचार्यांना या दोन शब्दांत स्वयंपाकघर आणि विद्यापीठ एवढं अंतर आहे, आणि कोडमध्ये एका चिन्हाचं. जिथं फाइलच नव्हती, नुसतं छापील पुस्तक होतं, तिथं टेसरॅक्ट हे फुकटचं ओसीआर वापरलं. त्याची चौथी आवृत्ती नेमकी त्याच वर्षी आली होती आणि तिला मराठी बरी वाचता यायची. बरी म्हणजे पानाला दहा-पंधरा चुका.

मॅडमना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं. "हे मला एका पानात लिहून दे. विद्यापीठाच्या अनुदानाचा अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचाय."

अशी छोटी अनुदानं असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मोठ्या योजना ऐकून होतो. यूजीसीची पंचवार्षिक योजनांच्या काळातली एक योजना होती, दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी कॉलेजात मदत कक्ष, रॅम्पसारख्या सोयी आणि उपकरणं यांना पैसे देणारी. त्याखाली विद्यापीठं आपापल्या कॉलेजांना थोडे थोडे पैसे देतात, वंचित गटांतल्या मुलांसाठी काही उपक्रम करा म्हणून. आमच्या अर्जाला पंचवीस हजार मंजूर झाले. हसू नका. त्या कॉलेजात एवढे पैसे एका अंध मुलासाठी पहिल्यांदाच कुणी मागितले होते.

इथं कायद्याची एक फट सांगायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. पण त्याच कायद्याचं सतरावं कलम पुस्तकं, शिक्षणसाहित्य आणि सहायक साधनं मोफत देण्याबद्दल बोलतं तेव्हा मर्यादा घालतं वयाच्या अठरा वर्षांची. म्हणजे जागा मिळते, पण पुस्तक हक्कानं मिळण्याचं वय कॉलेजच्या दारातच संपतं. दादा चोवीस वर्षांचा. त्याच्यासारख्यांसाठी पुढचा सगळा रस्ता असल्या पंचवीस हजारांनी बांधायचा असतो. कॉपीराइटची भीती मात्र उगाच होती. मॅडमना वाटत होतं प्रकाशक नोटीस पाठवेल. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांगांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक बदलून देणं हा गुन्हा राहिला नाही. माराकेश करार मंजूर करणारा जगातला पहिला देश भारत, २०१४ मध्ये. कागदावर आपण फार पुढे असतो.

पैसे जानेवारीत आले. ३१ मार्चच्या आत खर्च करायचे होते. तीन दरपत्रकं, जीएसटीचं बिल, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, शेवटी सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र. हिशेब मला अजून पाठ आहे: स्कॅनर ११,२००, हार्ड डिस्क ४,१००, दोन हेडफोन २,४००, प्रवास २,००० आणि एक दिवसाची जाणीवजागृती कार्यशाळा ५,३००. कार्यशाळा असायलाच हवी होती, तिच्याशिवाय अहवाल पुरा होत नव्हता. फ्लेक्स छापला, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं, दादाला फ्लेक्सजवळ उभं करून जिओटॅग फोटो काढला. दादानं विचारलं, "काय लिहिलंय यावर?" मी वाचून दाखवलं. फ्लेक्स जुन्याच फॉन्टात टाइप केलेला होता, ते सांगितलं नाही.

आता खरं काम बघा. पहिल्या वर्षाची सगळ्या विषयांची मिळून ६४० पानं होती. कन्व्हर्टर आणि ओसीआर आपलं काम रात्रीत करून मोकळे. पण त्यानंतर कुणीतरी मूळ पान समोर ठेवून ओळ न् ओळ तपासायला हवी. एका पानाला सरासरी बारा मिनिटं. म्हणजे १२८ तास. या १२८ तासांसाठी अनुदानात शीर्षकच नव्हतं. मानधन होतं, पण ते कार्यशाळेला बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाला. तासभर बोलून जाणाऱ्याला पैसे देता येत होते, १२८ तास बसणाऱ्याला नाही. स्कॅनरला वॉरंटी मिळाली, माणसाला चहाचं बिलसुद्धा नाही.

मी हे कुणावर राग म्हणून लिहीत नाही. ऑडिटरच्या बाजूनं बघितलं तर वस्तू सोपी असते. ती मोजता येते, तिला क्रमांक देता येतो, कपाटात आहे की नाही ते बघता येतं. तास कुठे दाखवणार?

उत्तर मॅडमना सापडलं, तेही दुसऱ्या टेबलावर. कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ होतीच. पुणे विद्यापीठाच्या पट्ट्यात शिकलेल्या कुणालाही ही योजना माहीत असते: गरजू मुलं ग्रंथालयात, बागेत, प्रयोगशाळेत काम करतात आणि तासाप्रमाणे पैसे मिळतात. कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांची. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहतील असं वसतिगृह उघडलं आणि १९४७ साली तिथंच छत्रपती शिवाजी कॉलेज, जिथं पोरं काम करून शिकायची. शंभर वर्षांपूर्वी ज्याला समावेशन हा शब्द कुणी दिला नव्हता, ते काम. आणि त्या योजनेच्या पायाशीच तास आहे. हजेरीपत्रक, सही, महिन्याचा हिशेब. ऑडिटला चालतं, कारण कायम चालत आलंय.

मॅडमनी ग्रंथालयाच्या कामात ‘पाठ तपासणी’ अशी एक ओळ घातली आणि तीन विद्यार्थी दिले. त्यातली एक मुलगी पश्चिम आंबेगावातली, भीमाशंकरच्या डोंगराकडची, वसतिगृहात राहणारी. मेसचे पैसे भरायला तिला हे काम हवंच होतं. आधी ती ग्रंथालयातली धूळ झटकायची. आता मराठीच्या नोट्स तपासता तपासता तिचाही अभ्यास व्हायला लागला. परीक्षेत तिला दादापेक्षा चार मार्क जास्त पडले, आणि दादानं ते मनाला लावून घेतलं. तेवढ्याच पैशात दोघं शिकत होते. ही गोष्ट आमच्या अहवालात कुठेच लिहिता आली नाही, कारण ‘लाभार्थी संख्या’ या चौकटीत एक आकडा लागतो, आणि लाभार्थी दादा होता, ती ‘कर्मचारी’.

पाबळ आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या विज्ञान आश्रमात २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीनं फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. यंत्रांचं कौतुक सगळ्यांना असतं. पण यंत्रं आली तेव्हा डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेलं काम तिथं एकोणीस वर्षं चालू होतं, हातानं करून शिकवणारी माणसं तिथं आधीपासून बसलेली होती. मला वाटतं, अनुदानाच्या अर्जात पहिला प्रश्न हाच असावा: वस्तू आल्यावर तिच्याशेजारी कोण बसणार आहे?

मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं आणि आमची सगळी घडी विस्कटली. ‘कमवा आणि शिका’ थांबली. शिक्षक हातानं लिहिलेल्या नोट्सचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकायचे, आणि फोटोतलं हस्ताक्षर ना एनव्हीडीएला वाचता येत होतं, ना आमच्या ओसीआरला. स्कॅनर कॉलेजच्या कपाटात कुलूपबंद. तेव्हा ती डोंगराकडची मुलगी घरी गेली होती, रेंज मिळायला तिला टेकाडावर चढावं लागायचं. तिथं बसून तिनं नोट्स वाचून आवाजी मेसेज पाठवले. वाऱ्याचा आवाज, मध्येच शेळ्या. सलग चार महिने. तिला त्या तासांचे पैसे मिळाले नाहीत. मी पाठवले तर तिनं परत केले, म्हणाली, "माझाबी अभ्यास झाला की."

लोक अशा गोष्टी ‘माणुसकी’ म्हणून सांगतात आणि विषय संपवतात. मला ते पटत नाही. पुढच्या वर्षी ती नसती तर? दादाची डिग्री कुणाच्या चांगुलपणावर टांगलेली असावी असं मला वाटत नाही. आता मी हिंजवडीत नोकरी करतो. कुठल्याही ॲपच्या बटणाला स्क्रीन रीडरसाठी नाव द्यायचं काम दहा मिनिटांचं असतं, पण त्या दहा मिनिटांचं तिकीट कुणाच्या तरी नावावर पडावं लागतं, नाहीतर ते पुढच्या स्प्रिंटला ढकललं जातं, मग त्याच्या पुढच्या. कॉलेजातही तेच.

दादा २०२१ मध्ये बीए झाला, मग एमए, आता सेटची तयारी करतोय. ती मुलगी राजगुरुनगरला एका पतसंस्थेत आहे. कन्व्हर्टरला मी अजून हात लावतो, कारण दादा रविवारी चुकांची यादी आवाजी मेसेजनं पाठवतोच, पान आणि ओळीसकट.

यंदा मॅडमनी अनुदानाला पुन्हा अर्ज केला. उपकरणांच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि खाली एक ओळ जोडली: विद्यार्थी तपासनीस, १२८ तास. उत्तर आलं की हे शीर्षक मान्य नाही, सुधारित अंदाजपत्रक पाठवा. त्यांनी तेच पुन्हा पाठवलं, सोबत जुन्या हजेरीपत्रकाच्या प्रती लावून. दरम्यान पहिल्या वर्षाला एक नवा मुलगा आलाय. त्याला थोडं दिसतं, त्याला ऐकायचं नाहीये, अक्षर बोटाएवढं मोठं करून स्वतः वाचायचंय. फाइली त्याच चालतात. फक्त यंदा अभ्यासक्रम बदललाय, आणि नव्या पुस्तकांची ३१० पानं तपासायची राहिली आहेत.