चतुर्थीपुरतं घर

फोंडा तालुक्यातल्या आमच्या मूळ घरात एरवी तीनच माणसं राहतात: आजी, काकी आणि तात्या. तात्या म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. बाकीचे आम्ही सगळे पणजी, मुंबई, बेंगळुरू, दुबई असे पांगलेलो. पण चतुर्थी आली की त्याच घरात चाळीस पानं मांडावी लागतात. कुणी माटोळी बांधतं, कुणी नेवऱ्या तळतं, आणि रात्री राजांगणात चटया अंथरल्या की पाय ठेवायला जागा उरत नाही. विसर्जन झालं की पुन्हा तीन माणसं आणि कुलूप लावलेल्या खोल्या.

अंकासाठी वेब होस्टिंगवर लिही, असं मंडळाच्या मॅडमनी सांगितलं आणि मी घरापासून सुरुवात केली. तुम्ही म्हणाल, हिचं काय चाललंय? पण मला होस्टिंग जे काही कळलं, ते ह्याच घरामुळे कळलं.

आमच्याकडे आरत्यांची एक वही आहे. तात्यांच्या वडिलांच्या हातची, लाल कापडी पुठ्ठ्याची. गोव्यात घरात बोलायला कोंकणी आणि देवासमोर मराठी, हे आपल्याला नवीन नाही. त्या वहीत नेहमीच्या आरत्या आहेतच, पण काही अशाही आहेत ज्या मी छापील पुस्तकात कुठे पाहिल्या नाहीत. घुमट, शामेळ आणि कासाळ्याच्या साथीवर त्या म्हणतात. त्यांची चाल अर्धी शब्दांत असते, अर्धी वाजवणाऱ्याच्या हातांत. २०१९मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली, तेव्हा तात्या नुसतेच हसले होते. "वाद्य आसा, वाजयतले खंय?" म्हणाले. वाद्य आहे, वाजवणारे कुठे आहेत?

मी एफवायला होते तेव्हा वहीच्या शेवटच्या पानांना वाळवी लागलेली दिसली. मी घाबरले. सगळी पानं स्कॅन केली, शब्द टाइप केले, आणि त्या चतुर्थीला तात्या आणि गावातली मंडळी आरत्या म्हणत असताना रेकॉर्डिंग केलं. चांगला रेकॉर्डर वर्गातल्या मैत्रिणीने दिला. तिचे बाबा मांडो गातात, आणि मांडोलाही घुमट लागतंच. एकूण ३१ रेकॉर्डिंग झाली. मग वर्डप्रेसवर साईट केली आणि एका कंपनीचं सगळ्यात स्वस्त होस्टिंग घेतलं. जाहिरातीत 'अनलिमिटेड' असं मोठ्या अक्षरांत होतं. पॉकेटमनीत बसत होतं. तेवढं मला पुरे होतं.

वर्षभर साईट छान चालली. दिवसाला दहा-पंधरा माणसं यायची. त्यातली तीन-चार तर आमच्याच घरची.

मग माझी एसवायची चतुर्थी आली. आदल्या आठवड्यात कुणीतरी साईटची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली आणि ती ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरली. मी खूश! संध्याकाळी साडेसात वाजता आमच्याकडे आरती सुरू झाली. मुलांना पाठ नसल्यामुळे सगळ्यांच्या हातात मोबाईल. वही कपाटात, कारण आता ती हाताळायची नाही असं मीच फर्मान काढलेलं. दुसऱ्या आरतीच्या तिसऱ्या कडव्याला आवाज एकेक करून बंद पडले. स्क्रीनवर पांढरं पान, त्यावर '५०८', आणि खाली इंग्रजीत 'रिसोर्स लिमिट इज रीच्ड'. घुमट वाजतंय आणि शब्द कुणालाच येत नाहीत.

तात्यांना त्या वर्षी दम लागायचा, म्हणून ते खुर्चीवर बसून होते. त्यांनी बसल्या जागेवरून कडवं उचललं. उरलेली सगळी आरती त्यांनी एकट्याने म्हटली, मध्ये मध्ये श्वास घेत. कुणी मला काही बोललं नाही. ते जास्त लागलं.

रात्री जेवणं आटोपल्यावर तात्यांनी मला जवळ बोलावलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुजी ती सायट रावता खंय?" राहते कुठे? मला उत्तर देता येईना. एक वर्ष मी त्या जागेचं भाडं भरत होते आणि जागा कसली आहे ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीला लिहिलं. तिथल्या माणसाने लगेच उत्तर दिलं: तुमची साईट मोठी झाली आहे, आता व्हीपीएस घ्या. किंमत आधीच्या कितीतरी पट. मी घ्यायलाही निघाले होते. बेंगळुरूचा दादा चतुर्थीला आला होता, तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने थांबवलं. "आधी साईट कशावर उभी आहे ते बघ," म्हणाला, आणि राजांगणात चटईवर बसून मला सगळं समजावलं.

माझं होतं ते शेअर्ड होस्टिंग. एका सर्व्हरवर शेकडो साईट्स. विहीर एक आणि बिऱ्हाडं अनेक. तुमच्या वाट्याला विहीर नसते, एक कळशी असते. 'अनलिमिटेड' होतं ते जागेला आणि महिन्याच्या एकूण वापराला. पण एका क्षणी किती कामं चालू शकतील, याला मर्यादा होती: माझ्या प्लॅनमध्ये २०. हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. दिवसभरात दोनशे माणसं सावकाश आली असती तर काहीच बिघडलं नसतं. पण आरतीची वेळ सगळ्या गोव्यात साधारण एकच.

त्याच्या वर व्हीपीएस. मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने पाडलेले भाग. तुमच्या भागातली मेमरी तुमची, शेजारच्याने कितीही गोंधळ घातला तरी. पण घर रिकामं मिळतं. दाराला कडी कुठली लावायची ते तुम्हीच बघायचं. कुणीतरी सांभाळून देणारं 'मॅनेज्ड' व्हीपीएसही मिळतं, त्याचे पैसे आणखी. त्याच्या वर डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे अख्खा वाडा तुमचा. आणि क्लाउड म्हणजे चतुर्थीला देवळातून मोठे टोप आणि हंडे आणतो तसं: लागेल तेवढं आणायचं, काम झालं की परत करायचं. भाडं तासावर. परत करायला विसरलात तर बिलही तासावरच वाढतं.

मग दादाने तीन प्रश्न विचारले. लोक कधी येतात? येऊन काय नेतात? आणि तुझ्यानंतर हे कोण बघणार?

पहिल्याचं उत्तर साईटच्या नोंदींमध्ये सापडलं. वर्षाचे ३६० दिवस जवळजवळ कुणी नाही, आणि चतुर्थीच्या पाच संध्याकाळी झुंबड. त्या पाच दिवसांसाठी बारा महिन्यांचं व्हीपीएस घेणं म्हणजे पाहुण्यांसाठी चाळीस खोल्या बांधण्यासारखं होतं. आमच्या घरात असं कुणी केलं नाही. आम्ही चटया अंथरतो.

दुसऱ्या प्रश्नाने मला लाज आणली. मी रेकॉर्डिंग जशीच्या तशी 'वेव्ह' फाइलमध्ये चढवली होती. सीडीच्या दर्जाचा आवाज त्यात मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो. सात मिनिटांची आरती म्हणजे ७० एमबी. तीनशे लोकांनी ती एकेकदा ऐकली तर २१ जीबी! तीच आरती १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये जेमतेम ७ एमबी होते, आणि मोबाईलच्या स्पीकरवर कानाला फरक कळत नाही. शिवाय वर्डप्रेस प्रत्येक माणसासाठी डेटाबेसमधून शब्द काढून पान नव्याने तयार करत होतं. आरती शंभर वर्षांत बदललेली नाही, आणि माझा सर्व्हर दर सेकंदाला ती नव्याने लिहून काढत होता. घामाघूम होणार नाही तर काय?

तरी माझी हौस होती. दादाला न सांगता एक महिना छोटं व्हीपीएस घेऊन पाहिलं. पहिल्याच रात्री नोंदींमध्ये दिसलं, की कुठले कुठले अनोळखी पत्ते पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करतायत. यांत काही खास नाही, इंटरनेटवर नवीन सर्व्हर दिसला की यंत्रं आपोआप दारं ठोठावत फिरतात. पण मग फायरवॉल, किल्ल्या, दर आठवड्याचे अपडेट... सेमिस्टरच्या परीक्षेत दोन आठवडे मी तिकडे फिरकले नाही, तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. मी नसेन तेव्हा हे कुणीच बघणार नाही.

व्हीपीएस वाईट, असं मी म्हणत नाही. कुणी मासळी किंवा काजू ऑनलाइन विकत असेल, रोज ऑर्डरी येत असतील, लोक लॉग-इन करत असतील, तर शेअर्ड होस्टिंगवर भागत नाही. तिथे व्हीपीएस किंवा क्लाउड हवंच, आणि सांभाळणारं माणूसही हवं. फेस्टच्या रजिस्ट्रेशनला साईट झोपते ती याच कारणाने. पण माझ्याकडे होती ती एक वही आणि ३१ आवाज.

शेवटी मी साईट लहान केली. प्रत्येक आरतीचं साधं एचटीएमएल पान, एकदाच तयार केलेलं. डेटाबेस नाही, लॉग-इन नाही. ही पानं गिटहब पेजेसवर ठेवली. ते फुकट आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत आणि ह्या वेळी मी त्या आधी वाचल्या: साईट १ जीबीच्या आत, आणि महिन्याचा वापर साधारण १०० जीबीपर्यंत. अशी पानं सीडीएनवरून जातात, म्हणजे त्यांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर असतात आणि वाचणाऱ्याला जवळची मिळते. एमपीथ्री पानांबरोबर ठेवली, ३१ मिळून दोनशे-सव्वादोनशे एमबी. मूळ वेव्ह फाइल्स इंटरनेट आर्काइव्हवर दिल्या. वर्षाचा खर्च उरला तो फक्त डोमेनचा.

मंडळात हे सांगितलं तेव्हा एकाने बरोबर शंका काढली: फुकटची जागा उद्या गेली तर? जाऊ शकते. जिओसिटीजवर लाखो लोकांनी घरं केली होती, २००९मध्ये याहूने ती बंद केली. पैसे भरलेली जागाही जाते. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला डेटा सेंटर जळालं, आणि ज्यांनी बॅकअपही त्याच आवारात ठेवला होता त्यांचं दोन्ही गेलं. म्हणून आता एक प्रत माझ्या लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हमध्ये आजीच्या कपाटात, आणि शब्दांची छापील प्रत देवघरात. साधी पानं असल्यामुळे उद्या दुसरीकडे बिऱ्हाड हलवायचं झालं तर तासाभराचं काम. डोमेन होस्टिंगवाल्याकडून काढून वेगळं ठेवलंय, म्हणजे जागा बदलली तरी पत्ता तोच.

यंदाच्या चतुर्थीला साडेसात वाजता माझं लक्ष आरतीत नव्हतं. तिसरं कडवं आलं, गेलं. मोबाईल चालू, आवाज चालू. कुणी साईटबद्दल चकार शब्द काढला नाही. मला वाटतं, चांगल्या होस्टिंगची खूण तीच असावी.

तात्या आता म्हणत नाहीत, टाळ्या वाजवतात. आरती झाल्यावर त्यांनी पुन्हा एक प्रश्न विचारला. आमच्या वाड्यावर कितीतरी घरं बंद आहेत. माणसं बाहेर गेली, कुणीतरी शेजारी संध्याकाळी दिवा लावून जातो. जिथे तोही नाही, ते घर दोन पावसांत बसतं. "तूं शिकून भायर गेलें काय थंय दिवो कोण लायतलो?" तू शिकून बाहेर गेलीस की तिथे दिवा कोण लावणार?

ह्या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. डोमेन माझ्या एकटीच्या ईमेलवर होतं, ते आता घरच्या सामायिक ईमेलवर आहे. धाकट्या चुलत बहिणीला, ती दहावीत आहे, पान कसं बदलायचं ते शिकवलंय. डोमेनचं नूतनीकरण वर्षातून एकदा, तेवढं चुकलं नाही म्हणजे झालं.

तात्यांनी तारीख विचारली आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणायला सांगितलं. त्या पानावर आजीने गॅसची तारीख लिहिली होती, काकीने दुधाचे खाडे. त्यांच्या खाली थरथरत्या अक्षरांत तात्यांनी लिहिलं: सायटीचें तेल.