पहिला नंबर कुणाला विचारून?

दर गुरुवारी टीव्हीच्या धंद्यातल्या माणसांचा रक्तदाब वर-खाली होतो. त्या दिवशी टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’चे आधीच्या आठवड्याचे आकडे येतात. शुक्रवारपर्यंत ते मालिकांच्या चाहत्यांकडे पाझरतात आणि माझा फोन वाजायला लागतो. पुण्याची मावसबहीण, नाशिकची जाऊ, ठाण्याची वर्गमैत्रीण, सगळ्यांचं म्हणणं एकच : “अगं, तू त्यातली ना? मग सांग, आमची मालिका तिसऱ्या नंबरावर गेलीच कशी?”

मी त्यातलीच. प्रेक्षक-श्रोत्यांची मोजणी हे माझं पोटापाण्याचं काम. नवऱ्याची बदली ओझरहून लखनौच्या एचएएलमध्ये झाली, तेव्हा आम्ही इंदिरा नगरात घर घेतलं आणि इथलेच झालो. सर्वेक्षणांच्या निमित्ताने उत्तर प्रदेशातली शहरं आणि तहसिलीची गावं मी पायाखाली घातली. या सगळ्या फिरतीतून हाती लागलेलं शहाणपण मावसबहिणीला एका वाक्यात सांगते : नंबर कितवा ते नंतर बघ, तो कुणाला विचारून ठरला ते आधी बघ. तिला ते पटत नाही. तिला फक्त ‘ठरलं तर मग’मधल्या सायली-अर्जुनची काळजी असते.

लखनौचं आणि क्रमवारीचं नातं जुनं आहे आणि त्यात मराठी माणसं अगदी मोक्याच्या जागी आहेत. पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने इथे १९२६ साली संगीत शिकवणारं मॅरिस कॉलेज सुरू झालं. आज ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. १९२८पासून त्याची धुरा सांभाळली श्रीकृष्ण रातंजनकरांनी. १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हे गृहस्थ मूळचे पुण्याचे, पण निवडून गेले ते लखनौहून फार लांब नसलेल्या सुलतानपुरातून. आकाशवाणीवर कोण गाणार आणि कोणत्या दर्जाचं मानधन घेणार हे ठरवण्यासाठी त्यांनी ध्वनिचाचणी मंडळ नेमलं आणि प्रमुखपदी रातंजनकरांना बसवलं. मोठमोठ्या घराण्यांच्या कलावंतांनाही चाचणी द्यावी लागली, रागांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागली. ज्यांच्या चार पिढ्या गाण्यात गेल्या, त्यांना कुणी मंडळ श्रेणी देणार! निषेध झाले, बहिष्कार झाले. तरी श्रेणीची पद्धत टिकली. आजही आकाशवाणीचा कलाकार ‘बी हाय’चा आहे की ‘ए’चा, हे गाण्यातली माणसं हळू आवाजात एकमेकांना विचारतातच.

केसकरांनी दुसरंही एक काम केलं. चित्रपटगीतं त्यांना हलकी वाटत. आकाशवाणीवरची या गाण्यांची जागा इतकी आखडली, की श्रोत्यांनी सरळ सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. दुसऱ्या महायुद्धातून उरलेली दणकट लघुलहरी प्रक्षेपण यंत्रणा त्या केंद्राकडे होती, त्यामुळे कोलंबोचा आवाज इथल्या घराघरांत खणखणीत येई. ३ डिसेंबर १९५२ला तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानी सात गाणी क्रम न लावता वाजवत. लोकप्रियतेप्रमाणे क्रम श्रोत्यांनी लावायचा आणि पत्राने कळवायचा. बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला ९ हजारांच्या आसपास पत्रं आली आणि वर्षभरात आठवड्याचा आकडा ६५ हजारांपर्यंत गेला. एवढी पत्रं उघडून वाचणं हीच शिक्षा झाली, तेव्हा स्पर्धा बंद करून उतरत्या क्रमाने गाणी वाजवण्याची पद्धत आली.

१९५३च्या वार्षिक यादीत पहिलं आलं ‘अनारकली’तलं गाणं, संगीतकार आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र. १९५४ साली पहिला नंबर ‘टॅक्सी ड्रायव्हर’मधल्या ‘जाएँ तो जाएँ कहाँ’चा, आवाज तलत महमूदचा. हा तलत लखनौचा, आणि शिकला होता मॅरिस कॉलेजात! म्हणजे प्राचार्य दिल्लीच्या नभोवाणीसाठी गवयांना श्रेणी देत होते आणि त्यांच्याच कॉलेजातल्या मुलाला कोलंबोहून, परीक्षा न घेता, देशाचा पहिला नंबर मिळत होता. दोन्ही क्रमवाऱ्या एकाच काळातल्या. एकीत जाणकाराला विचारलं होतं, दुसरीत पत्र टाकणाऱ्याला. कोणती खरी, हा प्रश्न मला व्यर्थ वाटतो. शेवटी केसकरांच्याच कारकिर्दीत, १९५७मध्ये, विविध भारती सुरू करावी लागली, यावरून जोर कुणाचा होता ते कळतं.

पत्र टाकणारा तरी कोण होता? फर्माइशींच्या कार्यक्रमांत झुमरी तिलैया या अभ्रकाच्या खाणींच्या गावाचं नाव इतक्यांदा येई, की पुष्कळांना ते गाव काल्पनिक वाटायचं. तिथल्या चार हौशी मंडळींच्या पोस्टकार्डांना अख्ख्या लखनौपेक्षा जास्त वजन होतं. पुढे गीतमालेने रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची मतं जमेला धरली. मग दुकानदाराला कसं खूश ठेवायचं, हे गाणी विकणारे शिकले. मोजणीची रीत जाहीर झाली की पुढच्या हंगामात तिच्यासाठी माल बनतो, हे मी प्रत्येक माध्यमात पाहिलंय. २०१९च्या जुलैत बादशाहच्या एका गाण्याला चोवीस तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचा गाजावाजा झाला. त्यात जाहिरातीवर खर्च करून आणलेले व्ह्यूज होते, हेही बाहेर आलं. सप्टेंबरात यूट्यूबने पैसे मोजून आणलेले व्ह्यूज संगीताच्या क्रमवारीतून काढून टाकले. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं की ते ‘ऐकलं’. आता नवी गाणी ऐका. लांबलचक सुरावट वाजवून मग मुखडा, असं कितींत सापडतं?

टीव्हीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. मीटर नव्हते तेव्हा डायरी असायची. घरातल्यांनी काय पाहिलं ते रोज लिहायचं. प्रत्यक्षात आम्ही डायरी न्यायला जायचो त्या दिवशी सकाळी अख्खा आठवडा एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिला जायचा. तोंडी विचारलं तर मामला आणखी मजेदार. बैठकीच्या खोलीत बसलेला गृहस्थ “हम तो बस समाचार देखते हैं” म्हणायचा, आणि आतून त्याची आई कालच्या भागात कुणी कुणाला विष दिलं ते ओरडून सांगायची. 

आता बार्कच्या घरांत मीटर असतो. कार्यक्रमाच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण; समोर बसलात की दाबायचं, उठलात की परत दाबायचं. कोणत्या घरांत मीटर आहे हे गुप्त राहायला हवं. २००१मध्ये मुंबईतल्या अशा घरांची यादी फुटली होती, २०२०मध्ये टीआरपी घोटाळ्याचा गुन्हाही मुंबईतच दाखल झाला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे २०२२च्या मार्चपर्यंत बंद राहिले. ज्या घरात कुणी माध्यमं, जाहिरात किंवा संशोधनाच्या धंद्यात आहे, त्या घरात मीटर बसवत नाहीत. म्हणजे माझ्या आवडीनिवडीचा टीआरपी जन्मभर शून्य.

२०२५च्या जुलैत सरकारनेच आकडे दिले : देशात टीव्ही असलेली घरं सुमारे २३ कोटी आणि मीटर ५८ हजार, म्हणजे ०.०२५ टक्के. यावर बरीच बोंबाबोंब झाली. मला ती पटली नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. शितं नीट निवडलेली असली तर पातेलं केवढं याने फरक पडत नाही. अडचण येते ती तुकडे पाडताना. ५८ हजार घरं आधी राज्यांत वाटायची, मग शहर-खेडं, मग वय, मग बाई-पुरुष. शेवटी एका वाहिनीच्या एका मालिकेसाठी हातात मूठभर घरं उरतात आणि त्यांवरून ६.१ आणि ६.० असा पहिला-दुसरा ठरतो. त्या एका दशांशात मला काहीही दिसत नाही. चार घरांतल्या चार सासूबाई लग्नाला गेल्या तरी तेवढा फरक पडतो. ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे आणि गुरुवारी कुणालाही आठवत नाही.

विचारलेल्यांची यादी बदलली की काय होतं ते २०१५च्या ऑक्टोबरात दिसलं. बार्कने खेडी मोजायला सुरुवात केली आणि दूरदर्शनच्या फ्री डिशवर जुन्या मालिका फुकट दाखवणाऱ्या वाहिन्या भल्याभल्यांच्या डोक्यावर जाऊन बसल्या. मुंबईच्या ऑफिसांत धक्का बसला. बाराबंकीच्या गावांत मला बसला नाही. तिथे लोक काय बघतात हे मी चारपाईवर बसून पाहिलं होतं.

आता इंदिरा नगरातलं आमचं घर. मराठी वाहिन्यांची शर्यत मोजली जाते ती महाराष्ट्र-गोवा या बाजारात. आम्ही उत्तर प्रदेशात. इथल्या मराठी घरांत मीटर बसलाच, तरी त्यातलं ‘ठरलं तर मग’ उत्तर प्रदेशाच्या बाजारातल्या चिल्लरीत जाईल. त्यात आम्ही मालिका बघतो फोनवर, जेवणं उरकल्यावर, आणि मीटर फोन मोजत नाही. दोन्हीकडून आम्ही हिशेबाबाहेर.

एक गंमत सांगते. बंगाली ‘श्रीमयी’वरून २०१९च्या डिसेंबरात मराठीत ‘आई कुठे काय करते’ आली आणि २०२०च्या जुलैत हिंदीत ‘अनुपमा’. दोन्ही आपापल्या बाजारात पहिल्या नंबरावर बसल्या. आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाभीजी अनुपमावाल्या, मी अरुंधतीवाली. मराठी मालिका सात महिने पुढे असल्यामुळे सुरुवातीला मी त्यांना भविष्य सांगायचे. पुढे दोन्ही कथांच्या वाटा फुटल्या आणि माझी पत घसरली. पण एकाच जिन्यात एकाच बाईची गोष्ट दोन भाषांत बघणाऱ्या आम्हा दोघींची बेरीज कोणत्याही तक्त्यात होत नाही.

म्हणून मी स्वतःची यादी ठेवते. दोन रकाने. पहिल्यात ‘ऐकू आलेली’ गाणी : मी स्वतः काही न लावता कानावर पडलेली. एका माणसाचं एकच मत. मुन्शी पुलियाचा एखादा ई-रिक्षावाला दिवसभर तेच वाजवत असेल तरी एकदाच धरायचं. भूतनाथ मार्केटातली दुकानं, लग्नाच्या लॉनवरचे डीजे, जिन्यातली मुलं, सगळ्यांना हाच नियम. या रकान्यात २०२५ साली ‘सैयारा’चं शीर्षकगीत पहिलं, दुसऱ्याशी तुलनाच नाही. दुसरं ‘स्त्री २’मधलं ‘आई नई’. ते आदल्या वर्षीचं, पण पवन सिंगचा आवाज आहे. पूर्वांचलातून आलेल्या वऱ्हाडाला तो लागतोच. तिसरं आलं ‘शेकी’, आणि मी चाट पडले. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं मराठी गाणं, लखनौच्या पोरांच्या तोंडी, अर्थ न कळता!

दुसरा रकाना माझ्या आवडीचा. तिथे पहिलं सोनू निगमने गायलेलं ‘परदेसिया’, कारण पन्नाशीतला गळा पंचविशीचं सोंग न करता गातो. ‘सैयारा’ चौथं. चाल चांगली आहे, पण हुंदका पहिल्या ओळीपासून दिला की पुढे द्यायला उरत नाही. संजू राठोडचं मला ‘गुलाबी साडी’ जास्त आवडतं, ते दुसरं. ‘शेकी’त ठेका हुशार आहे, पण ‘साडी’तला साधेपणा सरळ गावाकडून आलेला. तिसरी जागा रिकामी आहे. भरलीच पाहिजे असा नियम मी केलेला नाही.

टीव्हीत माझा पहिला नंबर ‘हास्यजत्रा’ला, सलग काही वर्षं. मालिकांसमोर तिचा टीआरपी लहान दिसतो, पण तिचे तुकडे यूट्यूबवर बघणारे माझ्या ओळखीत जास्त आहेत. दुसरी ‘पंचायत’. ती टीव्हीवर नसते, पण तिच्यातलं फुलेरा गाव बलियात दाखवलंय आणि आमच्या गल्लीत बलियाची माणसं आहेत, त्यांनी पास केलंय. २०२५च्या चौथ्या सीझनमध्ये निवडणुकीचं भांडण फार ताणलं, म्हणून दुसरीच राहिली. तिसरी ‘ठरलं तर मग’, तीही जुई गडकरीमुळे. कोर्टाची केस माझ्या सहनशक्तीपेक्षा लांबली. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २०२५च्या जुलैत पुन्हा आली, तिला अजून नंबर दिलेला नाही. २००० साली तिने आमच्या धंद्याला भरपूर काम दिलं होतं, त्यामुळे मी तटस्थ नाही.

ही यादी भाभीजींना वाचून दाखवली. त्यांनी तिसऱ्यापर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “और अनुपमा?” पहिल्या पाचांत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “आपने पूछा किससे?”