वाचनालयाच्या कपाटाची किल्ली



दरवर्षी 15 ऑक्टोबरला आपण सगळ्या शाळांमध्ये वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. डॉ. कलाम यांच्या फोटोला हार घालायचा, मुलांच्या हातात एकेक पुस्तक द्यायचं, रांगेत बसवून फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. खोटं कशाला बोलू? फोटो झाला की पुस्तकं परत पेटीत जायची.

मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात मी सहज विचारलं, "आपल्या गावातल्या वाचनालयात कोण कोण गेलंय?" 33 मुलांपैकी चार हात वर झाले. त्यातले दोघं आजोबांना पेपर वाचायला सोडायला गेलेले. एक मुलगी म्हणाली, "बाई, ते म्हाताऱ्यांचं असतं." वर्ग हसला. मग तिनंच विचारलं, "बाई, तुम्ही जाता का?" मी वाचनालयाची पायरी शेवटची चढले ती डीएडला असताना. काहीतरी उत्तर दिलं आणि फळ्याकडे वळले.

त्याच शनिवारी शाळा सुटल्यावर गेले. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत लांब टेबलावर पेपर आणि मासिकं. तिथं पैसे लागत नाहीत, कुणीही यावं, बसावं, वाचावं. मागच्या खोलीत पुस्तकांची कपाटं. ग्रंथपाल काकांनी चहा मागवला आणि बोलत सुटले. त्यांना कुणी विचारायलाच येत नसावं बहुतेक. दिवाळी अंकांची योजना आहे, एकदाच ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे दोन-तीन महिने अंक बदलून बदलून वाचायचे. संध्याकाळी पोलीस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुलं अभ्यासाला बसतात, कारण घरात एकच खोली आणि तिथं टीव्ही चालू. मे महिन्यात लहान मुलांसाठी गोष्टींचा कार्यक्रम असतो, पण मागच्या खेपेला सहाच मुलं आली. मला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. आणि मी याच गावात शिकवते!

काकांच्या खुर्चीमागे डॉ. रंगनाथन यांचा फोटो होता. त्यांची जयंती 12 ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून साजरी होते. त्यांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच असं की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आणि फोटोच्या बरोबर खाली बालविभागाचं कपाट. त्याला कुलूप.

मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, "काका, हे बंद का?" ते म्हणाले, "बाई, मुलं फाडतात, हरवतात. मोजणीत पुस्तक कमी आलं की जाब मला द्यावा लागतो." नंतर त्यांनीच समजावून सांगितलं. आपल्याकडे 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळते. वाचनालयाचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. तपासणीला पुस्तकं, वाचक, नोंदवह्या सगळं बघतात. काकांचा पगार किती, ते मी इथं लिहीत नाही. ऐकून माझा फणकारा मात्र उतरला.

मग शाळेच्या लेटरहेडवर समितीला पत्र दिलं. अनामत शाळेच्या नावानं भरली, म्हणजे कुणाच्या आईवडिलांवर बोजा नको. दर शनिवारी दहा-अकरा मुलांना घेऊन जाऊ लागले. काका कुलूप काढायचे आणि मुलं असेपर्यंत कपाटाशेजारी उभे राहायचे.

पावसाळ्यात एक मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. ताप आहे म्हणून निरोप होता. घरी गेले तर हा अंगणात खेळतोय. मला बघून आत पळाला. आईनं धान्याच्या डब्यामागून टॉवेलात गुंडाळलेलं पुस्तक काढलं. रात्री पत्र्यातून पाणी गळलं होतं, पानं चिकटून लगदा व्हायच्या बेतात. "बाई, किती होतील? बाजार झाला की देते," ती म्हणाली. पुस्तकाची किंमत होती 40 रुपये. मी पर्स उघडली आणि परत बंद केली. पैसे देऊन मी मोकळी झाले असते, पण हा मुलगा पुन्हा पुस्तकाला हात लावणार नाही, असं वाटलं.

त्याला घेऊन वाचनालयात गेले. तो माझ्या पाठीमागे लपलेला. काकांनी पुस्तक उलटसुलट पाहिलं. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी पंखा लावला, जुन्या पेपरच्या पट्ट्या फाडल्या आणि त्याला म्हणाले, "ये इकडं. एकेक पान हळू सोडव, मध्ये पट्टी घाल. पट्टी ओली झाली की बदल." तो संध्याकाळपर्यंत तेच करत बसला. पुढच्या शनिवारी काकांनी त्याला मैद्याची खळ कशी शिजवायची ते दाखवलं, सुटलेलं कव्हर त्याच्याकडूनच चिकटवून घेतलं. नोंदवहीत शेरा मारला, "पावसाने भिजले, दुरुस्त केले."

आता तो सगळ्या मुलांना पुस्तकांना कव्हर घालायला शिकवतो. माझं ऐकत नाहीत तेवढं त्याचं ऐकतात! त्या पुस्तकाची पानं पापडासारखी वाकडी झालीत, पण मुलं मुद्दाम तेच मागतात. कपाटाची किल्ली आता काकांच्या खिशात नसते, दाराजवळच्या खिळ्याला असते. मेमधल्या कार्यक्रमाला यंदा 27 मुलं आली, सतरंजी कमी पडली.

मोजणीत दोन पुस्तकं कमी भरली. मुलांची दप्तरं तपासली, घरोघरी विचारलं. एक अजून सापडायचंय. दुसरं माझ्याच घरी, उशाखाली निघालं.