ही झोप विश्रांतीची नव्हे!

संध्याकाळ झाली की रायपूरच्या तेलीबांधा तलावाकाठी फिरणाऱ्यांची गर्दी लोटते. लोक या जागेला कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या शहरात मराठी माणसांचा वावर आहे. इथल्या एखाद्या घरात कावीळ शिरली की काय होते? आधी उसाचा रस येतो. मग कुणीतरी चुन्याच्या पाण्याने हात धुवून कावीळ ‘उतरवणारा’ सुचवतो. पाणी पिवळे होते, घरच्यांना धीर येतो. रक्तातली कावीळ मात्र तशीच राहते!

बहुतेकांची कावीळ काही आठवड्यांत आपोआप बरी होते, हे खरे. म्हणूनच माणसे गाफील राहतात. एखाद्या रात्री रोगी असंबद्ध बोलतो आणि मग गाढ झोपी जातो. दीर म्हणतो, ‘‘वहिनी, दादाला उठवू नका. किती दिवसांनी डोळा लागलाय!’’ वहिनी दिवा मालवते. तिचा तरी काय दोष? ही यकृत हरत चालल्याची खूण असू शकते, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते.

यकृत बंद पडू लागले की रक्तात अमोनिया साठून मेंदूवर झापड येते. साखर घसरते, रक्त नीट गोठत नाही, मूत्रपिंडेही थकतात. हे एकट्या डॉक्टरचे काम नव्हे. अतिदक्षता विभागात यकृततज्ज्ञ, किडनीचे डॉक्टर, शल्यचिकित्सक, आहारतज्ज्ञ असे सारे एकाच खाटेभोवती जमतात. वरचेवर साखर तपासून, ‘‘काका, आज वार कोणता?’’ असे विचारणारी परिचारिकाही त्यांच्याइतकीच मोलाची. उत्तर चुकले की सगळे सावध होतात.

यकृताला पुन्हा वाढण्याची देणगी आहे. ही सारी धडपड त्याला तेवढी सवड मिळवून देण्यासाठी! तेही पुरले नाही तर प्रत्यारोपण. १९९८ साली दिल्लीत वीस महिन्यांच्या मुलाला वडिलांनी आपल्या यकृताचा भाग दिला. भारतातले हे बालकाचे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

पण शुद्ध हरपल्यावर रोग्याला दूरच्या गावी हलवणे फार जोखमीचे. निर्णय त्याआधीच व्हावा लागतो. म्हणून काविळीच्या घरात दिवा मालवण्यापूर्वी तो साधा प्रश्न जरूर विचारावा : आज वार कोणता?