लाकूड आत, माणूस बाहेर

इतिहास शिकविताना राजांच्या कारकिर्दींइतकाच कारागिरांच्या हातांचा इतिहासही मला मोलाचा वाटतो. ओकच्या लाकडाला अमोनियाच्या वायूने गडद करण्याची पद्धत अशाच वाचनातून परिचयाची झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गुस्ताव्ह स्टिकली यांच्या साध्या, भक्कम फर्निचरामुळे ती लोकप्रिय झाली.

ओकमध्ये टॅनिन असते. आपल्याकडे कातडे कमावण्यासाठी बाभळीची साल वापरीत, तीही याच द्रव्यासाठी. अमोनियाची टॅनिनशी क्रिया होऊन लाकूड स्वतःच तपकिरी होते. वर रंगाचा लेप नसल्यामुळे त्याच्या रेषा झाकल्या जात नाहीत.

मात्र त्यासाठी वापरले जाणारे सुमारे २६ ते २८ टक्क्यांचे द्रावण डोळे व फुप्फुसे भाजून काढणारे असते. म्हणून जाणता कारागीर घरापासून दूर, मोकळ्या हवेत प्लॅस्टिकचा हवाबंद तंबू उभारून त्यात लाकूड ठेवतो. उथळ काचपात्रात द्रावण ओतताना गॉगल, रबरी हातमोजे आणि अमोनिया अडविणारी गाळणी बसविलेला मुखवटा घालतो. कापडी मास्क येथे निरुपयोगी. डोळे-त्वचा धुण्यासाठी भरपूर पाणी हाताशी ठेवतो. ब्लीच जवळ येऊ देत नाही, कारण दोहोंच्या मिश्रणातून विषारी वायू निघतो. रंग किती चढला हे पाहण्यासाठी तो आत शिरत नाही. नमुन्याचा लहान तुकडा बाहेर ओढून तपासतो.

साऱ्या दक्षतेचे सार एकच : वायूत लाकूड राहावे, माणूस नव्हे.

हे वाचताना आपल्या शहरांतील गटारे डोळ्यांसमोर येतात. तेथे विषारी वायूत माणूसच उतरविला जातो, आणि तो बहुधा कोणत्या समाजाचा असतो हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. संरक्षक साधनांशिवाय अशी सफाई करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली. तरी मृत्यू थांबलेले नाहीत. मेजाच्या रंगासाठी जी काळजी घेतली जाते, ती माणसाच्या श्वासासाठी घेतली जात नाही. येथे उणीव ज्ञानाची नाही, समतेची आहे.

आपले माजी विद्यार्थी आज अभियंते आहेत, अधिकारी आहेत. कोणाला बंद जागेत उतरविण्याचा कागद समोर आला, तर सही करण्यापूर्वी एवढेच विचारा : आत यंत्र का नाही, माणूस का?

जयभीम.